देयक आणि देणे

गेल्या मार्चअखेरीस, म्हणजे २०२५ साली, आमच्या घरी विजेचे बिल आले ते ३८,५८० रुपयांचे. एरवी आमचे बिल सहाशे-सव्वासहाशेच्या पुढे कधी जात नाही. तालुक्याच्या गावी राहणारा मी एक साधा शाळामास्तर. सुट्टीत कादंबऱ्या लिहितो, त्यांचे मानधन प्रकाशकाच्या सवडीने येते. तेव्हा तो कागद हातात घेऊन मी ओटीवर किती वेळ बसून राहिलो असेन, याची कल्पना वाचकांनीच करावी. आई जाऊन जेमतेम महिना झाला होता. घरात अजून मोठ्याने कोणी बोलत नव्हते. त्या शांततेत तो आकडाच काय तो ओरडत होता.

त्या आकड्याने माझ्याकडून काय काय करवले, ते सांगण्यासाठी हा लेखप्रपंच आहे. विजेचे बिल जास्त येणे ही काही जगावेगळी गोष्ट नव्हे. २०२० च्या टाळेबंदीत मीटरची नोंद घेणारी माणसे घरोघर फिरू शकली नाहीत, हिवाळ्यातल्या वापराच्या सरासरीवर बिले निघाली, आणि जूनमध्ये नोंदी पुन्हा सुरू झाल्यावर राज्यभर किती गहजब झाला, हे आपण सर्वांनी पाहिलेच आहे. प्रश्न बिलाचा नाही. बिल पाहिल्यावर माणसाचे मन प्रथम कोणत्या दिशेला धावते, हा आहे.

माझे मन परसात धावले. आमच्या परसात एक खोली आहे. तिच्यात गेली सहा वर्षे एक मावशी आणि त्यांचा नातू राहतात. मावशी दोन घरी पोळ्या करतात. नातू नववीत, माझ्याच वर्गात आहे. त्या खोलीतला दिवा आमच्याच मीटरवर आहे. भाड्यातच तो धरलेला. सहा वर्षांत त्या दिव्याचा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. त्या संध्याकाळी मात्र मी परसात गेलो आणि अगदी गोड आवाजात, जणू सहज, विचारले, "मावशी, रात्री दिवा किती वाजेपर्यंत असतो हो तुमचा?"

मावशी पीठ चाळीत होत्या. त्यांनी चाळणी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "पोरगं अभ्यास करतं ना, मास्तर. अकरा वाजतात कधी कधी."

मी "असं, असं" म्हणालो आणि परतलो. दुसऱ्या दिवशी त्या खोलीत दिवा लागला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. रात्री देवळावरून येताना पाहिले, तर माझा विद्यार्थी देवळाच्या पायरीवर, रस्त्याच्या दिव्याखाली इतिहासाचे पुस्तक उघडून बसला होता. मला पाहताच तो उठून उभा राहिला. वर्गात उभा राहतो तसाच.

येथे एक कबुली दिली पाहिजे. कादंबरी लिहिणाऱ्या माणसाची कल्पनाशक्ती मोठी तत्पर असते. तिला पुराव्याची वाट पाहवत नाही. त्या दोन दिवसांत मी मनातल्या मनात मावशींच्या खोलीत विजेची शेगडी आणून ठेवली होती, पाणी तापवायची कांडी टांगली होती, आणि आमच्या भलेपणाचा गैरफायदा घेतला गेल्याचे एक सबंध प्रकरण रचले होते. त्या प्रकरणात मी अर्थातच भोळा, उदार आणि फसवला गेलेला गृहस्थ होतो. स्वतःला इतकी चांगली भूमिका माणूस दुसऱ्या कोणत्या वेळी देतो?

तिसऱ्या रात्री मला झोप आली नाही. तेव्हा उठून मी जे पहिल्याच दिवशी करायला हवे होते ते केले. कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. माझे गणित मॅट्रिकपुरतेच. पण याला त्याहून जास्त लागत नाही. एक हजार वॉटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट. मावशींचा दिवा ९ वॉटचा. रोज सहा तास जळला तर महिन्याला दीड-पावणेदोन युनिटे, आठ महिन्यांची मिळून १३. बिलावर आकडा होता २,२६० युनिटांचा! शिवाय तो दिवा तर सहा वर्षे जळतच होता. आमच्या नेहमीच्या महिना ६८ युनिटांत तो पहिल्यापासून धरलेला. वाढीत त्याचा वाटा शून्य. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. येथे तर चोरच नव्हता, आणि सुळी मात्र उभी राहिली होती.

मग मी मुख्य बटण बंद करून मीटरपाशी विजेरी घेऊन उभा राहिलो. हल्लीच्या मीटरवर एक तांबडा ठिपका असतो. वीज वाहत असली की तो लुकलुकतो. घरातले सारे बंद केल्यावरही तो लुकलुकत राहिला तर कुठे तरी गळती आहे किंवा मीटर नादुरुस्त आहे, असे समजावे. आमचा ठिपका शांत होता. मीटर प्रामाणिक होता.

फडताळातून जुनी बिले काढली. मागची नोंद आणि चालू नोंद या दोन रकान्यांत जुलै २०२४ पासून एकच आकडा, आठही महिने. कारण आमच्या पडवीला आम्ही जाळीचे दार बसवले आणि दुपारी त्याला कुलूप असे. मी शाळेत, सौभाग्यवती माजघरात आईपाशी. नोंद घेणारा येई आणि कुलूप पाहून परत जाई. कचेरी पूर्वीच्या सरासरीने ६८ युनिटे धरून बिल पाठवी. मी ते भरी. आठ वेळा तो कागद माझ्या हातात आला आणि आठ वेळा मी फक्त रक्कम पाहिली. रक्कम लहान होती, म्हणून बाकीचे वाचण्याची गरज वाटली नाही.

आणि याच आठ महिन्यांत आमच्या घरात काय चालले होते? आईची फुप्फुसे थकली होती. हवेतून प्राणवायू वेगळा काढून देणारे यंत्र आम्ही भाड्याने आणले होते. त्याच्या पाठीवर लिहिलेले आहे : ३५० वॉट. पहिले तीन महिने ते रात्रीचे दहा तास चाले. म्हणजे दिवसाला साडेतीन युनिटे, तीन महिन्यांची ३१५. पुढचे पाच महिने ते अहोरात्र चालले. दिवसाला ८.४ युनिटे, पाच महिन्यांची १,२६०. थंडीत तिचे अंग पुसायला गरम पाणी लागे. दोन हजार वॉटचा बंब रोज अर्धा तास, म्हणजे एक युनिट, चार महिन्यांची १२०. आमची नेहमीची ५४४ मिळवली की बेरीज होते २,२३९. बिलातले २,२६०. उरलेली २१ कशाची, ते मी शोधत बसलो नाही.

ती बेरीज पाहून मी कागद खाली ठेवला. ते २,२६० युनिटांचे बिल म्हणजे माझ्या आईचा श्वास होता. रात्री त्या यंत्राची घरघर ऐकत मी पडलेला असे. ती थांबली की दचकून उठे. त्या घरघरीला वीज लागते, तिचा कोठे तरी हिशेब होत असतो, हे मला ठाऊक नव्हते असे मी कसे म्हणू? ठाऊक होते. पण बिल सहाशेचेच येत होते, आणि सोयीच्या चुकीला माणूस चूक म्हणत नाही. तो तिला नशीब म्हणतो.

आता नीतीचा प्रश्न उभा राहतो. माझे एक वकील स्नेही आहेत. ते म्हणाले, "चूक त्यांची. नोंद घेणे त्यांचे काम. एक पैसा देऊ नकोस." कायदा त्यांनीच समजावून दिला. २००३ च्या विद्युत कायद्याच्या ५६ व्या कलमाप्रमाणे, बिलाची रक्कम प्रथम देय झाल्यापासून दोन वर्षांत मागितली नाही आणि बाकी म्हणून सतत दाखवतही आली नाही, तर ती पुढे वसूल करता येत नाही. माझी गोष्ट आठ महिन्यांची. तेव्हा त्या कलमाची सावली मजवर पडत नव्हती. पण समजा पडली असती, तर? कायद्याने देणे बुडाले म्हणजे ते फिटले का? वाण्याने वहीत दोन किलो साखर लिहायची विसरली, म्हणून आपण चहा बिनसाखरेचा प्यायलो असे होते काय?

माझ्या मते येथे दोन गोष्टींची गल्लत होते. दुसऱ्याची चूक त्याला जाब विचारण्याचा अधिकार मला देते. माझे देणे नाहीसे करण्याचा अधिकार देत नाही. वीज काही कचेरीतल्या टेबलावर तयार होत नाही. कोयनेचे पाणी बोगद्यातून कोसळते, चंद्रपूर-कोराडीला कोळसा जळतो, कोणी तरी रात्रपाळीला जागतो, तेव्हा माझ्या माजघरातले यंत्र घरघरते. मी न दिलेला पैसा हवेत विरत नाही. तो या ना त्या वाटेने दुसऱ्या कोणाच्या तरी बिलात जाऊन बसण्याचाच संभव अधिक. कदाचित नऊ वॉटचा एकच दिवा जाळणाऱ्याच्या.

मात्र देणे मान्य करणे म्हणजे मागितले तेवढे मुकाट्याने देणे नव्हे, हेही तितकेच खरे. बिल पुन्हा वाचताना ध्यानात आले की २,२६० युनिटे एकाच महिन्यात जाळली असे धरून आकारणी केली होती. विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो : पहिली १०० युनिटे स्वस्त, ३०० पर्यंत महाग, ५०० पर्यंत त्याहून महाग, पुढे तर विचारूच नये, आणि वर १६ टक्के वीज शुल्क. आठ महिन्यांचा वापर आठ महिन्यांवर वाटला, तर महिन्याला सुमारे २८२ युनिटे होतात आणि वरचे टप्पे लागतच नाहीत. मी अर्ज लिहिला, जुनी बिले जोडली, कचेरीत तीन खेटे घातले. तिसऱ्या खेपेला एका तरुण कारकुनाने ते शांतपणे वाचले आणि बिल दुरुस्त करून दिले : २१,१७० रुपये, सहा हप्त्यांत. ते मी भरले. भरताना वाईट वाटले नाही. शेवटच्या हप्त्याच्या दिवशी तर उगीचच गहिवरून आले. आईसाठी करायचे असे काही आता उरले नाही, असे वाटले.

हे देयक फिटले. दुसरे देणे राहिले होते.

हिशेब मांडला त्याच्या दुसऱ्या दिवशीच सकाळी मी परसात गेलो. कागद बरोबर नेला होता. १३ युनिटांचा आकडा त्यांना दाखवावा, म्हणजे त्यांचा निर्दोषपणा सिद्ध होईल, असा माझा मास्तरी बेत. पण तेथे उभा राहिल्यावर लक्षात आले, की निर्दोषपणा सिद्ध करण्याची वेळ यावी असे त्यांनी काही केलेच नव्हते. तो कागद मी खिशातच ठेवला. म्हणालो, "मावशी, माझं चुकलं. दिवा लावा."

त्या म्हणाल्या, "लावते की. चुकतं माणूस. आईंच्या मागं तुमचं चित्त थाऱ्यावर नव्हतं." मग थोडे थांबून म्हणाल्या, "पण मास्तर, तुम्ही कचेरीत जाताच आहात, तर एवढं विचारून या. आमच्या खोलीला वेगळं मीटर मिळतं का? बिल मी भरीन."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते. रागाची समजूत काढता येते. सहा वर्षे त्या माझ्या दिव्याखाली निर्धास्त बसल्या होत्या. माझ्या एका गोड प्रश्नाने तो निर्धास्तपणा गेला, आणि तो कोणत्याही हप्त्यांनी परत करता येण्याजोगा नव्हता. मी मीटरची चौकशी केली, घरमालक म्हणून संमतीपत्र लिहून दिले. ज्येष्ठात मीटर बसले. त्यांचे बिल आमच्यापेक्षा पुष्कळ लहान येते, आणि त्या ते मुदतीच्या आधी भरतात.

संशय मोठ्या आकड्याने येतो असे आपण समजतो. मला आता वाटते, तो आधीपासून आपल्यात असतो आणि आकडा त्याला फक्त वाट दाखवतो. ती वाट नेहमी उताराची असते. आपल्याहून खाली जो कोणी राहत असेल, त्याच्या दाराशी ती जाऊन थांबते. कचेरीच्या चुकीचा संशय मला तिसऱ्या दिवशी आला. स्वतःच्या वापराचा त्याहूनही उशिरा. मावशींचा पहिल्या घटकेत आला.

आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी दोन्ही मीटरांच्या नोंदी वहीत लिहितो. पडवीचे दार दुपारी उघडे असते. मावशींच्या मीटरची नोंद त्यांचा नातू वाचून सांगतो आणि मी उतरवून घेतो. परवा त्याने विचारले, "सर, बिल कमी आलं तरी तक्रार करायची असते का?" वर्गात ज्याचे उत्तर मी एका वाक्यात दिले असते, त्या प्रश्नापुढे मी पेन्सिल हातात धरून थोडा वेळ गप्प राहिलो. मग "करायची असते" म्हणालो. मी स्वतः ती आठ महिने केली नव्हती, हेही त्याला सांगितले.