विश्व प्रोग्राम असेल, तर दोष कुणाचा?

हे विश्व मुळात एक चालू प्रोग्राम आहे, ही कल्पना 'मेट्रिक्स' सिनेमापेक्षा बरीच जुनी आहे. कॉनराड त्सूझ या जर्मन इंजिनिअरने १९४१ साली बर्लिनमध्ये 'झेड-३' नावाचा कम्प्युटर बांधला. पुढे १९६९ साली त्याने एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यातला विचार असा, की अवकाश बारीक चौकटींचं असावं आणि प्रत्येक चौकट शेजारणींकडे बघून आपली पुढची स्थिती ठरवत असावी. बाहेर बसून बटणं दाबणारा कुणी प्रोग्रामर त्यात लागत नाही. विश्व स्वतःच हिशेब करतं.

मला हे पूर्ण पटत नाही. घड्याळं आली तेव्हा विद्वानांना विश्व घड्याळ वाटलं होतं. आता हातात फोन आहे, म्हणून कोड दिसतो. शिवाय कम्प्युटरमध्ये पाऊस पाडला तर कुणी भिजत नाही. पण क्षणभर त्सूझचं खरं मानू. मग एक प्रश्न मला सोडत नाही. दारू पिऊन बायकोला मारणारा माणूस म्हणाला, 'माझं प्रोग्रामिंगच तसं आहे,' तर?

आपल्याकडे याची जुनी आवृत्ती आहे. बाळ जन्मलं की सटवाई येऊन त्याच्या कपाळावर लेख लिहिते. गंमत म्हणजे 'नशिबात होतं' हे वाक्य मारणाऱ्यापेक्षा मार खाणारीलाच जास्त ऐकवलं जातं.

१९७० साली जॉन कॉनवे या गणितज्ञाचा 'गेम ऑफ लाइफ' प्रसिद्ध झाला. फोनवरही खेळता येतो, जरूर बघा. चौकटींचा कागद आणि नियम एवढेच: जिवंत चौकटीला दोन किंवा तीन जिवंत शेजारी असतील तर ती जगते, नाहीतर मरते, मेलेल्या चौकटीला नेमके तीन असतील तर ती जिवंत होते. 'आर-पेंटोमिनो' नावाची पाच चौकटींची एक आकृती आहे. ती तब्बल ११०३ पिढ्या खदखदते, मग स्थिरावते. नुसतं बघून हे कुणालाही सांगता आलं नसतं. खेळ चालवूनच कळलं. कुठल्याही आकृतीचं शेवटी काय होणार हे हमखास सांगणारी रीत या खेळात असूच शकत नाही, हे तर सिद्धच झालंय. म्हणजे नियम पक्के असूनही निकाल आधी कुठे लिहून ठेवलेला नसतो. सटवाईलासुद्धा तो खेळ चालवूनच बघावा लागेल.

अर्थात, भाकीत करता येत नाही म्हणजे आपण स्वतंत्र आहोत असं नाही. फाशाचंही भाकीत करता येत नाही. पण 'काहीही केलं तरी तेच होणार' हे मात्र साफ खोटं ठरतं. त्या पाचांतली तळाची एकच चौकट काढून बघा: दोन पिढ्यांत सहा चौकटींचं शांत पोळं तयार होतं, सगळी खदखद गायब. नियम तेच, एक चौकट कमी.

तेव्हा तो माणूस प्रोग्रामिंगचं नाव घेतो तर घेऊ दे. दार ठोठावणारी शेजारीण, पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घेणारा हवालदार आणि पिशवी भरून घराबाहेर पडलेली त्याची बायको, हीही त्याच कागदावरच्या चौकटी आहेत.