अकरा की बारा?

उमरी, नायगाव, धर्माबाद या भागांतील कित्येक तरुणांची पहाट पोलीस भरतीच्या सरावात उजाडते. पुरुष उमेदवाराला १६०० मीटर व १०० मीटर धावणे आणि ७.२६० किलोग्रॅमचा गोळा फेकणे, अशी ५० गुणांची मैदानी परीक्षा द्यावी लागते. गोळ्यासाठी खांद्यात व मांड्यांत बळ हवे. म्हणून जोर, बैठका आणि वजने. प्रत्येक फेरीनंतर आता खिशातला मोबाइल निघतो आणि ॲपमध्ये आकडा भरला जातो. तालमीत वस्तादाची नजर असे. येथे करणारा, मोजणारा आणि लिहिणारा एकच.

बारावा जोर अर्ध्यावर मोडला, तर लिहायचे काय? अकरा की बारा? पाहणारे कोणी नाही, बक्षीसही नाही. तरी बोट बाराकडे वळते. दुसऱ्याला फसविण्यात काही लाभ तरी असतो. स्वतःला फसविण्यात कोणता? मला वाटते, नोंद करताना आपण घडलेले लिहीत नाही, आपण कसे असायला हवे होतो ते लिहून मोकळे होतो. हा लोभ पैशाच्या लोभाहून सूक्ष्म आहे.

त्याची किंमत मात्र शरीर मोजते. १९४५ साली अमेरिकन लष्करी डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनी जखमी सैनिकांच्या दुबळ्या स्नायूंसाठी क्रमाक्रमाने वजन वाढविण्याची पद्धत मांडली. जे वजन जेमतेम दहा वेळा उचलता येते, ते तिचे माप. हे मापच खोटे निघाले, तर पुढच्या आठवड्याचे वजन खोट्यावर उभे राहते.

हाताने नोंद ठेवण्याची ही रीत आपल्या घराला परकी नाही. संत इग्नेशियस लोयोला यांच्या, १५४८ साली छापल्या गेलेल्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तिकेत सात दिवसांच्या रेघांची आकृती आहे. दिवसाला दोन रेघा. ज्या एका दोषाशी झुंज चालली आहे, त्यात जितक्या वेळा पडलो तितके ठिपके. दुसरी रेघ पहिलीशी ताडायची, आज कालशी, हा आठवडा मागल्या आठवड्याशी. शेजाऱ्याची रेघ त्यात कोठेच नाही! ॲपमधील आकडे मित्रांना दाखविता येतात, आणि तेथेच अकराचे बारा होण्याची घाई वाढते. शिवाय इग्नेशियस पडणे नोंदवितात, ॲप उचललेले नोंदविते. पडणे लिहिणाऱ्या हाताला फुगविण्याचा मोह होत नाही. वगळण्याचा मात्र होतो.

मग मोजूच नये काय? तसे मी म्हणणार नाही. वही नसेल तर स्मृती नेहमी आपल्याच बाजूने साक्ष देते. परंतु सलग दिवसांची साखळी तुटू नये म्हणून दुखऱ्या कमरेने वजन उचलणारा तरुण पाहिला, की आकडा सेवक न राहता धनी झाला हे कळते. विश्रांतीचा रिकामा दिवस हीही खरी नोंद आहे. अनेक ॲपमध्ये आकड्याखाली शेरा लिहिण्यास जागा असते. ती बहुधा कोरीच राहते. ‘अकरा पूर्ण, बारावा अर्धा, कंबर दुखते’ एवढे तेथे सहज मावते.