बीपी कमी, तरी बीपीची गोळी

आमच्या मजल्यावरच्या वहिनी परवा गोळ्यांची पट्टी घेऊन दारात उभ्या. "भाऊजी, यांचं बीपी आधीच कमी. काल एकशेपाच-पासष्ट होतं. आणि केमिस्ट म्हणतो ही प्रोप्रानोलॉल बीपीची गोळी. चुकून तर दिली नाही ना?" दादांना सिरॉसिस आहे. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा दुर्बिणीत दिसल्या, म्हणून गोळी सुरू झाली. दारूला त्यांनी जन्मात हात लावलेला नाही. हिपॅटायटिस बी निघाला. तरी 'लिव्हर' म्हटलं की समोरच्याची भुवई वर जातेच, आणि वहिनींना दर वेळी खुलासा करावा लागतो.

चूक झालेली नव्हती. पण ती का नव्हती हे सांगायला वैद्यकाला फार लांबून यावं लागलं.

वाट अडली म्हणून पोटात पाणी साठलं, ही कल्पना जुनी आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात उदररोगांचा अख्खा अध्याय आहे. पोटावरच्या वळ्या नाहीशा होतात, रेषा उमटू लागतात, ही पूर्वचिन्हं तिथं आहेत. आणि साठलेले दोष घाम व पाणी वाहून नेणारी स्रोतसं रोधून धरतात, असं कारणही दिलेलं आहे. स्टेथोस्कोपवाल्या लेनेकनं १८१९ मध्ये या आजाराला 'सिरॉसिस' नाव दिलं, ते मात्र रंगावरून. ग्रीक शब्द घेतला, अर्थ पिवळट-तांबूस. त्या नावात वाहण्याचा किंवा अडण्याचा मागमूस नाही. गाठाळ, आक्रसलेलं यकृत टेबलावर पाहणाऱ्याला आधी रंगच दिसणार.

यकृताची रचना तशी चमत्कारिक. मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त त्यातून जातं, आणि त्यातला तीन चतुर्थांशाच्या आसपास भाग धमनीतून येतच नाही. जठर, आतडी, प्लीहा यांच्यातून फिरून आलेलं रक्त डॉक्टर जिला पोर्टल व्हेन म्हणतात त्या शिरेतून येतं. एका जाळ्यातून गाळून आलेलं रक्त पुन्हा दुसऱ्या जाळ्यात शिरतं, म्हणून त्याला जोर असा नसतोच. जरा कुठं अडलं की ते मागं फुगतं आणि आडवाटा शोधतं. अन्ननलिकेतल्या त्या शिरा म्हणजे अशीच आडवाट.

माहीमच्या माणसाला हे समजावायला चित्र काढावं लागत नाही. कॉजवेवर उभं राहून मिठी नदीचं मुख पाहावं. विहार-पवईकडून निघालेलं पाणी वाटेत भराव, भिंती, वस्त्या, धावपट्टी यांच्यातून अंग चोरत इथं खाडीला मिळतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पाणी मागं कुर्ला-कलिन्यात चढलं. पात्र अरुंद झालं होतं, हे तर खरंच. पण त्या दुपारी समुद्राला भरतीही होती. भराव उद्याही तिथंच असतो. भरती सहा तासांनी उतरते. अडथळ्याचे हे दोन प्रकार ध्यानात ठेवा.

सिरॉसिसमधला भराव, म्हणजे यकृतातले व्रण, पहिल्यांदा नीट दाखवला आर्चिबाल्ड मॅकइन्डो या न्यूझीलंडच्या डॉक्टरनं, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये, १९२८ साली. मृतांच्या यकृतातल्या वाहिन्यांचे त्यानं साचे काढले. निरोगी यकृताचा साचा भरगच्च झाडासारखा, सिरॉसिसचा पानगळ झालेल्या खराट्यासारखा. (हाच माणूस पुढं महायुद्धात भाजलेल्या वैमानिकांचे चेहरे घडवणारा प्लास्टिक सर्जन म्हणून गाजला.) त्या साच्यांकडे पाहून कुणीही म्हणेल, नळ तुंबलाय. आणि तुंबलेल्या नळावर प्लंबर जे करतो तेच सर्जननी केलं. १९४५ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिपलच्या पथकानं यकृताला वळसा घालून पोर्टल व्हेन थेट खालच्या महाशिरेला जोडण्याच्या शस्त्रक्रिया जगापुढं मांडल्या. रक्तस्राव थांबला. पण आतड्यातली विषद्रव्यं न गाळताच मेंदूत पोचू लागली, माणसं भ्रमिष्टासारखी वागू लागली. आणि पुढं रीतसर चाचण्या झाल्या तेव्हा आयुष्यही म्हणावं तसं वाढलेलं दिसेना. हा इशारा कुत्र्यांनी आधीच देऊन ठेवला होता. 'एक' नावाच्या रशियन सर्जननं १८७७ मध्ये कुत्र्यांत हाच जोड केला होता, आणि पावलोवच्या प्रयोगशाळेत अशी कुत्री मांस खाल्लं की पिसाळल्यासारखी करत, झोकांड्या खात. ते वाचलेलं होतं. पण दाब उतरतोय म्हटल्यावर ते मनावर कोण घेणार?

त्याच काळात इथून तीन स्टेशनं पलीकडे, परळला, केईएममधल्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी सर्पगंधेवरचा आपला निबंध ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला. साल १९४९. चढलेला रक्तदाब औषधानं उतरवता येतो, हे त्या निबंधानं बाहेरच्या जगाला पटवलं. म्हणजे धमनी आवळते आणि सैलावते, तिला गोळीनं समजावता येतं, हे डॉक्टर मानत होतेच. तीच मुभा सिरॉसिसच्या यकृताला द्यायला मात्र कुणी तयार नव्हतं. व्रण तो व्रण, दगड तो दगड. मला या सगळ्या कथेत सर्वांत नवल याचं वाटतं.

दगडाला पाझर फुटला १९८५ मध्ये. मेलबर्नच्या भाथल आणि ग्रॉसमन यांनी सिरॉसिस झालेल्या उंदरांची यकृतं बाहेर काढली, त्यांतून द्रव वाहता ठेवला आणि त्यात वाहिन्या सैल करणारी औषधं घातली. अडथळा कमी झाला! सगळा नाही, आज साधारण वीस-तीस टक्के असा अंदाज मानतात. पण व्रण तर औषधानं क्षणात विरघळत नाही. मग सैलावलं ते काय? ती भरती होती.

ती आणणाऱ्या पेशी कुप्फरनं १८७६ मध्येच पाहिल्या होत्या, तारकेच्या आकाराच्या. एरवी त्या अ जीवनसत्त्व साठवून गप्प बसतात. यकृताला वर्षानुवर्षं इजा होत राहिली की साठा टाकून देतात, तंतू विणू लागतात, आणि यकृतातल्या सूक्ष्म वाहिन्यांना विळखा घालून स्नायूसारख्या आवळतात. त्या वाहिन्यांचं अस्तरही बदलतं. मुळात ते चहाच्या गाळणीसारखं छिद्राछिद्रांचं. छिद्रं बुजतात, खाली पापुद्रा धरतो, गाळणीची वाटी होते.

इथवर मिठीची उपमा छान चालते. पुढं ती मोडते, आणि मोडते तिथंच खरी गोष्ट आहे. मिठी तुंबली म्हणून विहारवर जास्त पाऊस पडत नाही. शरीरात मात्र तसंच घडतं. यकृताकडे जाणारी वाट अडली की आतड्यांच्या धमन्या रुंदावतात आणि आणखी रक्त पाठवतात. आडवाटा उघडूनही दाब का उतरत नाही, याचं हे उत्तर रोबेर्तो ग्रोझमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात उंदरांवर मांडलं. सिरॉसिसच्या रोग्याचे हात ऊबदार, नाडी उसळती आणि रक्तदाब कमी, हे डॉक्टरांनी १९५० च्या दशकातच टिपलेलं होतं. आता त्याचा अर्थ लागला.

दोन्ही टोकांना सूत्रधार एकच निघाला, नायट्रिक ऑक्साइड. गाड्यांच्या धुरातला वायू. वाहिनीचं अस्तर तो किंचित सोडतं आणि वाहिनी सैलावते. या शोधाला १९९८ मध्ये नोबेल मिळालं. सिरॉसिसमध्ये यकृताच्या आत त्याचा दुष्काळ, बाहेर आतड्यांच्या धमन्यांत महापूर. १९९१ मध्ये लंडनच्या व्हॅलन्स आणि मोंकादा यांनी या पुराची कल्पना मांडली. आतला दुष्काळ उंदरांच्या यकृतात नोबेलच्याच वर्षी दाखवला गेला. मग तो वायू देणारं औषध का देऊ नये? कारण ते यकृतापुरतं थांबत नाही. सगळ्या अंगातल्या वाहिन्या सैलावतात, मुळात कमी असलेला रक्तदाब आणखी घसरतो, आणि रक्त आटलं अशा समजुतीनं मूत्रपिंड मीठ-पाणी अडवून ठेवतं. पोटात आणखी पाणी.

म्हणून प्रोप्रानोलॉल. पॅरिसच्या लब्रेकनी १९८० च्या सुमारास ती सिरॉसिसमध्ये वापरून पुन्हा होणारा रक्तस्राव कमी करून दाखवला. ती हृदयाला थोडं सबुरीनं घ्यायला लावते आणि आतड्यांच्या धमन्या आवळते, म्हणजे मिठीत येणारं पाणीच कमी करते. वहिनींना मी एवढंच सांगितलं: दंडाला पट्टा बांधून मोजतो ते बीपी वेगळं, आणि पोटातल्या शिरेचं वेगळं. ते दुसरं मोजायचं तर मानेतल्या शिरेतून नळी यकृतापर्यंत न्यावी लागते. तिथल्या दोन दाबांतला फरक निरोगी माणसात १ ते ५ असतो. १० ओलांडला की काळजी, १२ च्या पुढं रक्तस्रावाची भीती. आणि वरचं बीपी नव्वदच्या खाली गेलं, तर मात्र लगेच डॉक्टरांना फोन.

"मग घरी कळणार कसं, गोळी लागू पडतेय ते?"

नेमकं नाही कळत, पण नाडीवर लक्ष ठेवायचं, मी म्हटलं. बसल्या जागी मिनिटाला ५५ ते ६०, असा अंदाज धरून डॉक्टर मात्रा ठरवतात.

काल संध्याकाळी त्यांच्याकडे डोकावलो. दादा खिडकीपाशी खुर्चीत, डोळे मिटून. वहिनींची तीन बोटं त्यांच्या मनगटावर आणि नजर भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर. मी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी दुसऱ्या हातानं थांबवलं. काटा बारावर आला. "अठ्ठावन्न," म्हणाल्या, आणि कॅलेंडरच्या चौकटीत पेन्सिलीनं आकडा लिहिला.