डोक्याने चिकटलेला

आमच्या डोणगावला समुद्र नाही. मेहकर तालुक्यात तो येणार कुठून? त्यामुळे बार्नॅकल प्रथम पाहिला तो मुंबईला, ससून डॉकमधल्या होडीला चिकटलेला. हा गृहस्थ पोरवयात मनसोक्त पोहतो, मग जागा निवडून तिथे डोके चिकटवतो आणि उरलेला जन्म पायांनी अन्न तोंडात ओढत काढतो. डार्विनने त्याच्यापायी १८४६ पासून आठ वर्षे घालवली. (तेवढ्यात आमच्याकडे तीन लग्ने उरकतात.)

अण्णांना म्हटले, "आता मुंबईला चला." ते म्हणाले, "या वयात मले कायले उपटतं?"

खरवडलेला बार्नॅकल सहसा पुन्हा रुजत नाही. पण म्हाताऱ्या बापाला एकटे ठेवणे तरी कुठल्या नीतीत बसते? शेवटी त्यांची पिशवी मीच भरली. एस.टी. आली, गेली. अण्णा ओट्यावरच. पिशवी मांडीवर घेऊन मीही.