कमी पगार आणि बांधलेला पगार

अमेरिकेतील मायनर लीग बेसबॉल खेळाडूंना न्याय्य पगार मिळतो का, याची चर्चा बहुतेक वेळा आकड्यांपाशीच अडते. खेळाडूंची संघटना आणि मेजर लीग यांच्यातील 2023च्या सामूहिक करारानंतर तर हा प्रश्न निकालात निघाला, असे मानले जाऊ लागले आहे. त्या कराराने ट्रिपल-ए या मायनर लीगच्या सर्वोच्च पातळीवरचा किमान वार्षिक पगार 17,500 डॉलरवरून 35,800वर गेला. त्याआधी एकाच फ्लॅटमध्ये पाच-सहा जणांनी जमिनीवर गाद्या टाकून राहायचे, रात्रभर बसने प्रवास करून दुसऱ्या दिवशी मैदानात उतरायचे आणि हंगाम संपला की मिळेल ते काम धरायचे, हे सर्रास चाले. वाढ खरी आहे आणि ती खेळाडूंनी झगडून मिळवली आहे. तरीही पगार किती आहे यापेक्षा तो कोणत्या परिस्थितीत ठरतो, हे आधी पाहायला हवे.

ती परिस्थिती जुनी आहे. 1922 साली सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले. 1998 साली संसदेने मेजर लीगच्या खेळाडूंपुरती ही सवलत काढून घेतली. मायनर लीगचे खेळाडू मात्र मुद्दाम वगळले. 2018च्या एका कायद्याने त्यांचा ओव्हरटाइमचा हक्कही गेला. छोट्या गावांतील संघ वाचावेत म्हणून हे आवश्यक आहे, असे तेव्हा सांगण्यात आले. हा युक्तिवाद फार काळ विचारात घेण्याजोगा नाही, कारण खेळाडूंचा पगार गावातला संघमालक देतच नाही, तो मेजर लीगचा मूळ क्लब देतो. शिवाय 2021 साली मेजर लीगनेच संलग्न संघांची संख्या घटवून 120वर आणली.

खरा सामना आहे तो ‘संधीची किंमत’ या युक्तिवादाशी. खेळाडू मोठ्या बक्षिसाच्या आशेने कमी पैसे स्वखुशीने पत्करतो, असे हा पक्ष म्हणतो. मेजर लीगचा किमान पगार 2023 साली 7,20,000 डॉलर होता, हे त्याचे हुकमी उदाहरण. पण ‘स्वखुशी’ म्हणजे काय? ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या पद्धतीत, निवडलेल्या खेळाडूला बोलणी करायला एकच क्लब असतो. 2023 साली पहिल्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या पॉल स्कीन्सला 92 लाख डॉलर मिळाले; शेवटच्या फेऱ्यांतल्या अनेकांच्या हाती काही हजारच पडतात. बक्षीसही मोकळे नाही: वर पोहोचल्यावरही साधारण पहिली तीन वर्षे पगार क्लबच्या मर्जीवर असतो आणि सहा वर्षांची सेवा भरल्याशिवाय दुसरीकडे जाता येत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट या पक्षाच्या नजरेतून पूर्ण निसटते. क्लबने लाखो डॉलर मोजलेला फलंदाज तयार व्हायचा, तर त्याला रोज समोर पिचर लागतो, मागे कॅचर लागतो, तिन्ही बेसवर माणसे लागतात. यांतले बहुतेक जण कधीच वर जाणार नाहीत, हे क्लबला ठाऊक असते आणि तरीही ते क्लबला हवे असतात. त्यांच्याकडून क्लब विकत घेतो ते आजचे काम. त्या कामाचा मोबदला आशेच्या रूपात देण्याला कोणताही आधार नाही.

म्हणून कमी पगार आणि बांधलेला पगार यांत भेद करणे भाग आहे. शिकाऊ वकील किंवा नाटकातला नवखा नट तुटपुंज्या पैशांत राबतो, पण दुसऱ्याने जास्त देऊ केले तर तो उठून जाऊ शकतो. त्याचा पगार कमी असेल, कदाचित अन्यायाचाही असेल, पण निदान बाजाराने ठरवलेला असतो. मायनर लीगच्या खेळाडूला जाण्याची वाटच नसते. त्यामुळे त्याच्या कामाची खरी किंमत काय, हे कोणालाच सांगता येत नाही. बाजाराचा दाखला देणाऱ्यांनी आधी बाजार असू द्यावा.

या कसोटीवर 2023चा करार अर्धाच उतरतो. एकोणीस किंवा त्याहून मोठ्या वयात करार करणाऱ्याची बांधिलकी सात हंगामांवरून सहावर आली. त्याहून लहान वयात सही करणाऱ्यांसाठी ती सातच राहिली, आणि डोमिनिकन रिपब्लिकमधली मुले सोळाव्या-सतराव्या वर्षीच सही करतात. तिथल्या उन्हाळी लीगमध्ये खेळणाऱ्यांना तर हा करार लागूच होत नाही.