चाचणीच्या आधीच्या चाळण्या

१९५७ साली मार्लन ग्रीन यांनी अमेरिकी हवाई दलातली नोकरी सोडून कॉन्टिनेंटल एअरलाइन्सकडे अर्ज केला. अर्जात वंशाचा रकाना होता. तो त्यांनी कोरा ठेवला. बहुइंजिनी विमानांवरचे तीन हजारांहून अधिक तास त्यांच्या लॉगबुकात होते. कंपनीने त्यांना डेन्व्हरला चाचणीसाठी बोलावले, त्यांनी चाचणी दिली, आणि मग कंपनीने त्यांच्याहून कमी तास असलेले गोरे उमेदवार निवडले. ग्रीन कृष्णवर्णीय होते. कोलोरॅडो राज्याच्या भेदभावविरोधी आयोगाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला, तेव्हा कंपनी कोर्टात गेली. आमची विमाने अनेक राज्यांतून उडतात, एका राज्याचा कायदा आमच्यावर लादला तर आंतरराज्य व्यापारावर बोजा पडेल, असा तिचा बचाव होता. या माणसाला विमान उडवता येते की नाही, याभोवती तो खटला फिरलाच नाही. २२ एप्रिल १९६३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचा हा बचाव एकमताने फेटाळला. ग्रीन कॉन्टिनेंटलमध्ये रुजू झाले ते १९६५ साली. अर्ज केल्यापासून आठ वर्षांनी.

वैमानिकांच्या भरतीत ‘विविधता’ हवी की ‘गुणवत्ता’, असा वाद आज ऐकू आला की मला हा खटला आठवतो. २९ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनच्या विमानतळाजवळ प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन ६७ माणसे मृत्युमुखी पडली. दुसऱ्याच दिवशी, तपासाला जेमतेम सुरुवात झालेली असताना, अमेरिकेच्या अध्यक्षांनी विविधतेच्या धोरणांकडे बोट दाखवले. पूर्वी केवळ लायकी पाहिली जायची आणि आता ती पातळ होते आहे, असे या मांडणीत गृहीत धरलेले असते. ते गृहीतक तपासायचे, तर वैमानिकाची लायकी म्हणजे काय याची कल्पना कशी बदलत गेली, हे पाहावे लागते.

हेलन रिची यांना १९३४ साली सेंट्रल एअरलाइन्सने वैमानिक म्हणून घेतले. वैमानिकांच्या संघटनेने त्यांना सदस्यत्व नाकारले, आणि हवामान खराब असेल तेव्हा त्यांना उडवू देऊ नये, असा सल्ला सरकारी खात्याने कंपनीला दिला. खराब हवेतच वैमानिकाचे कसब लागते. ते दाखवण्याची संधी काढून घ्यायची आणि मग अनुभव कमी म्हणायचे, हा पेच त्या सल्ल्यातच होता. १९३५ साली रिची यांनी राजीनामा दिला. त्यानंतर अमेरिकेच्या नियमित विमानसेवेत कायमची नोकरी मिळालेली पहिली स्त्री वैमानिक दिसते ती थेट १९७३ साली.

ती स्त्री म्हणजे एमिली हॉवेल वॉर्नर. गाव पुन्हा डेन्व्हरच. तिथल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये त्या प्रशिक्षक होत्या. १९६७ पासून त्या विमान कंपन्यांकडे अर्ज करत होत्या, आणि त्याच काळात त्यांच्या हाताखाली शिकलेले तरुण एकामागून एक विमान कंपन्यांत जात होते. फ्रंटियर एअरलाइन्सने जानेवारी १९७३ मध्ये त्यांना घेतले, तेव्हा त्यांच्या खात्यात सुमारे सात हजार तास होते. तीन वर्षांत त्या कॅप्टन झाल्या. मला या हकिगतीतला शिष्यांचा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ज्या विद्यार्थ्याच्या उड्डाणावर प्रशिक्षकाची सही पुरेशी मानली, त्या प्रशिक्षकाचे स्वतःचे उड्डाण मात्र पुरेसे मानले गेले नाही. विविधतेच्या धोरणांचा जन्म या अनुभवांतून झाला आहे.

मग आला तेनेरीफचा अपघात. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांवरच्या लॉस रोडिओस विमानतळावर दाट धुक्यात केएलएम आणि पॅन अ‍ॅम यांची दोन बोइंग ७४७ जंबो विमाने धावपट्टीवर धडकली. ५८३ माणसे मेली. केएलएमचे कॅप्टन याकोब वेल्डहाउझेन व्हान झांटेन हे कंपनीच्या ७४७ प्रशिक्षणाचे प्रमुख होते, कंपनीच्या जाहिरातीतही त्यांचा चेहरा होता. शेजारी बसलेल्या को-पायलटची ७४७ साठीची परीक्षा काही आठवड्यांपूर्वी त्यांनीच घेतली होती. विमान धावपट्टीवर वेग घेऊ लागले, तेव्हा मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने समोरचे विमान अजून धावपट्टीवरच आहे का, अशी शंका बोलून दाखवली. कॅप्टनने ती ठामपणे उडवून लावली. पुढे कोणी बोलले नाही. त्या काळच्या कोणत्याही मापाने त्या कॉकपिटातला सर्वांत लायक माणूस तोच होता, त्यामुळे त्याला अडवण्याचे बळ कोणाकडे उरले नाही.

पुढच्याच वर्षी पोर्टलंडजवळ युनायटेडचे डीसी-८ इंधन संपून कोसळले. चाकांच्या बिघाडात कॅप्टन गुंतला होता आणि इंधन संपत आल्याच्या सहकाऱ्यांच्या सूचना त्याच्यापर्यंत पोचूनही पोचल्या नाहीत. १९७९ साली नासाने यावर कार्यशाळा घेतली, १९८१ पासून युनायटेडने वैमानिकांना एकमेकांचे ऐकण्याचे आणि वरिष्ठाला टोकण्याचे रीतसर प्रशिक्षण सुरू केले, आणि पुढे जगभर ते सक्तीचे होत गेले. गेल्या शंभर वर्षांत वैमानिकाच्या पात्रतेत झालेला सर्वांत मोठा बदल कोणता, असे विचारले तर मी याच बदलाचे नाव घेईन. पोलादी मनगटाचा, कमी बोलणारा, कोणाला न विचारणारा पुरुष ही वैमानिकाची प्रतिमा त्याने मोडली. विविधतेचा विचार न करता, केवळ मृतदेह मोजून विमानक्षेत्र इथवर आले होते.

तासांचा हिशेब मात्र टिकून राहिला, कारण तास मोजायला सोपे. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरचे विमान कोसळून ५० जण गेले. मृतांच्या नातेवाइकांनी चिकाटीने लढा दिला, आणि २०१३ पासून अमेरिकेत विमान कंपनीत को-पायलट होण्यासाठीही साधारण १५०० तास लागू लागले. पण त्या विमानातल्या दोन्ही वैमानिकांकडे १५०० हून बरेच अधिक तास होते. विमान स्टॉल होण्याचा, म्हणजे पंखांची उचल संपण्याचा, इशारा मिळताच कॅप्टनने नाक खाली न करता वर ओढले, आणि आधीच्या अनेक परीक्षांत तो नापास झालेला होता. याउलट भारतात २०० तासांवर व्यावसायिक परवाना मिळतो. त्यावर टाइप रेटिंग, म्हणजे विशिष्ट प्रकारच्या विमानाचे प्रशिक्षण, पूर्ण करून मुलेमुली एअरबसच्या उजव्या खुर्चीत बसतात आणि रोज आपल्याला पोचवतात.

नापास झाल्याच्या नोंदींचे मोल किती, ते २०१९ साली टेक्सासमधल्या अ‍ॅटलस एअरच्या मालवाहू विमानाच्या अपघातात पुन्हा दिसले. त्यातल्या को-पायलटने आधीच्या कंपन्यांमधली प्रशिक्षणातली अपयशे नव्या कंपनीपासून लपवली होती. अशा नोंदी एकत्र ठेवण्याचा आदेश अमेरिकी संसदेने २०१० सालीच दिला होता, त्याचा अंतिम नियम निघाला तो २०२१ मध्ये.

विविधतेच्या नावाखाली चुकीचे काही घडलेच नाही, असे मी म्हणणार नाही. २०१४ साली अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने एअर ट्रॅफिक कंट्रोलरच्या भरतीत आधीच्या परीक्षेला आणि त्या विषयाच्या पदवीला बाजूला सारून एक चरित्रविषयक प्रश्नावली आणली. शाळेत कोणत्या विषयात सर्वांत कमी गुण मिळत, असले प्रश्न त्यात होते. मेहनतीने तयारी केलेली मुले त्यात बाद झाली. २०१६ साली संसदेने त्या विषयाच्या पदवीधरांना ती प्रश्नावली लावण्यास मनाई केली, ते योग्यच केले. ग्रीन यांच्या अर्जातला वंशाचा रकाना आणि ही प्रश्नावली यांचा हेतू परस्परविरुद्ध होता, पण कामाशी संबंध नसलेल्या गोष्टीवरून माणूस गाळणे हा दोष दोन्हींत सारखाच आहे.

२०२१ मध्ये युनायटेडने जाहीर केले की २०३० पर्यंत आपल्या अकादमीतून पाच हजार वैमानिक घडवू आणि त्यांतले निम्मे तरी स्त्रिया किंवा गोरेतर असतील. यावर गदारोळ झाला. माझे मत असे की, प्रवेशाच्या वेळी असे उद्दिष्ट ठेवायला काहीच हरकत नाही, कारण तिथे आलेल्या कोणालाच अजून विमान उडवता येत नसते. बाहेर पडणाऱ्यांच्या संख्येवर उद्दिष्ट ठेवले, तर मात्र परीक्षकाच्या मानेवर ते बसते, आणि सिम्युलेटरमधल्या परीक्षकाच्या मानेवर काहीही बसता कामा नये. इंजिन निकामी झाल्यावर विमान सरळ ठेवता येते की नाही, हे ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा तपासले जाते. त्या तपासणीत सवलत मिळाल्याचा पुरावा ज्याच्याकडे असेल त्याने तो दाखवावा. एखाद्याचे नाव किंवा रंग हा पुरावा नव्हे.

भारतात स्त्री वैमानिकांचे प्रमाण सुमारे १५ टक्के, म्हणजे जगात अगदी वरचे आहे. १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी निवेदिता भसीन यांच्यासह कोलकात्याहून सिल्चरला फॉकर विमान नेले, त्यात सगळा कर्मचारीवर्ग स्त्रियांचा होता. तो अध्याय आपल्याकडे बऱ्यापैकी लिहून झाला आहे. आपली चाळणी वेगळ्या ठिकाणी आहे. बारामती, धुळे, गोंदिया इथे विमाने उडवायला शिकवतात, पण परवाना आणि टाइप रेटिंग यांचा खर्च अर्ध्या कोटीच्या पुढे सहज जातो. एवढ्या कर्जाला बँक तारण मागते. ज्या घरात घर किंवा जमीन गहाण ठेवण्याजोगी नाही, तिथल्या मुलीने भौतिकशास्त्रात आणि गणितात कितीही गुण मिळवले, तरी तिचे हात स्थिर आहेत की नाहीत, हे पाहण्याची वेळच येत नाही. गुणवत्तेची काळजी करणाऱ्यांनी आणि विविधतेची काळजी करणाऱ्यांनी, दोघांनीही या तारणाच्या अटीपासून सुरुवात करायला हवी. सरकारने हमी घेऊन, किंवा कंपन्यांनी प्रशिक्षणाचा खर्च आधी उचलून तो पुढे पगारातून वळता करून, ही अट काढता येईल, आणि त्यासाठी परीक्षेतला एकही गुण कमी करावा लागणार नाही.