जळजळीचा न्याय

लठ्ठपणाइतका सार्वजनिक आजार दुसरा नाही. मूतखडा झालेल्या माणसाला ‘अहो, खडे जरा आवरा’ असं कुणी म्हणत नाही. लठ्ठ माणसाला मात्र जिन्यात भेटलेला परका गृहस्थही भातावरून चार शब्द ऐकवून जातो.

आमच्या शाखेतल्या रोखपालांनी शेवटी वजनाचं ऑपरेशन करून घेतलं. ‘स्लीव्ह’ म्हणतात त्याला. जठराचा सुमारे पाऊण भाग कापून टाकतात. उरतं ते केळ्याच्या आकाराचं नळकांडं. वर्षभरात रोखपाल ३५ किलोंनी उतरले, मधुमेहाच्या गोळ्याही कमी झाल्या. आणि मग छातीत जळजळ सुरू झाली. आडवं झालं की घशाशी आंबट.

ही बातमी आली त्या दिवशी शाखेत जी सात्त्विक तृप्ती पसरली, ती मी बोनसच्या दिवशीही पाहिलेली नाही. ‘बघा! शॉर्टकट घेतला की असं होतं!’ हे म्हणणाऱ्याच्या खणात जेलुसिलची बाटली होती, ती गोष्ट वेगळी. चष्मा लावणाऱ्याला आपण ‘फुकटात दिसतंय तुम्हाला’ म्हणत नाही. मग वजन तेवढं घाम गाळूनच उतरलं पाहिजे, नाहीतर शिक्षा झाली पाहिजे, हा कायदा कुणी केला?

जळजळीला पापपुण्य कळत नाही. नळकांडं अरुंद, खालची झडप शाबूत. आत दाब वाढला की आम्ल वरची वाट धरतं. दुसरं ऑपरेशन असतं बायपासचं. त्यात जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात, आणि जळजळ बहुधा कमीच होते. स्लीव्हनंतर फारच त्रास झाला तर पुढे बायपास करून देतात, तो याचसाठी. म्हणजे गुन्हा तोच, पण टाके दुसरीकडे घातले म्हणून आरोपी निर्दोष! असा न्याय तालुक्याच्या कोर्टातही मिळायचा नाही. शिवाय सुटलेल्या पोटाच्या दाबानंही आम्ल वर येतंच, त्याला ऑपरेशन लागत नाही.

अर्थात जळजळ खरी आहे. ती होऊ शकते हे आधी स्वच्छ सांगायला हवं, दुर्बिणीनं अन्ननलिका बघायला हवी. पण सौदा परवडला की नाही, हे ज्याची छाती जळते त्यानं ठरवायचं.

मी रोखपालांना विचारलं, “पुन्हा वेळ आली तर कराल?”

“करीन की. हल्ली मुलीला शाळेच्या फाटकापर्यंत सोडतो. पूर्वी कोपऱ्यावरूनच परत फिरायचो. ती काही बोलली नव्हती हो, माझा मीच.” मग नोटांचं बंडल बांधता बांधता म्हणाले, “तुमच्या ओळखीचा गादीवाला आहे का कुणी? एक उतरती उशी करून हवी होती.”